सुटलेला तबला पुन्हा हाती घेताना

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे. शाळेत असताना सात-आठ वर्षे तबला शिकलात, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘मध्यमा पूर्ण’पर्यंतच्या परीक्षा दिल्यात, आणि पुढे अभियांत्रिकीचे शिक्षण, नोकरी व संसार यांत तबला सुटला. आता पंचेचाळिशी ओलांडल्यावर माळ्यावरची जोडी (उजव्या हाताचा तबला आणि डाव्या हाताचा डग्गा) खाली काढली, तेव्हा कायदे (पलटे करत वाजवायच्या ठरावीक बोलांच्या रचना) तोंडाने धडाधड म्हणता येतात, पण बोटे साथ देत नाहीत आणि पंधरा मिनिटांत मनगट भरून येते. हात परत येईल का, पहिल्यापासून सुरुवात करावी का, आणि जुनी जोडी ठेवावी की नवी घ्यावी, हे आपले तीन प्रश्न आहेत. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रौढांमध्ये आपल्यासारखे परतून आलेले विद्यार्थी मोठ्या संख्येने असतात. त्यांच्याबरोबर काम करताना जे वारंवार दिसले, त्याच्या आधारे हे उत्तर लिहीत आहे.

हात परत येतो. मात्र तो ज्या क्रमाने परत येईल असे आपल्याला वाटते, त्या क्रमाने येत नाही, आणि बहुतेकांची निराशा तिथूनच सुरू होते. सर्वांत आधी परत येतात ते बोल, म्हणजे तोंडाने म्हणायची तबल्याची अक्षरे, कारण ते पाठांतराच्या रूपाने डोक्यात असतात. त्यानंतर काही आठवड्यांतच बोटांना थोडाबहुत वेग येतो. सर्वांत शेवटी, महिने उलटल्यावर, परत येतो तो निकास, म्हणजे प्रत्येक अक्षराचा स्वच्छ, भरीव, आस (आघातानंतर रेंगाळणारी गुंज) असलेला नाद. मधल्या काळात आपण बोल आणि वेग यांवर खूश होऊन धावत सुटलो, तर निकास यायचाच राहून जातो. असे पाच-पाच वर्षे वाजवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचा हात चालतो, पण तबला बोलत नाही.

यात आणखी एक अडचण आहे, आणि ती लहान मुलांना नसते. हात थांबला होता त्या पंचवीस-तीस वर्षांत कान थांबलेला नव्हता. आपण मैफली ऐकल्या, ध्वनिमुद्रणे ऐकली आणि चांगल्या-वाईटाची पारख वाढली. त्यामुळे आज आपला कान आपल्या हाताच्या कितीतरी पुढे गेलेला आहे, आणि स्वतःचा ‘धा’ ऐकताच तो कान नापसंती दाखवतो. दहा वर्षांच्या मुलाला आपला ‘धा’ वाईट आहे हे कळत नाही, म्हणून तो आनंदाने वाजवत राहतो. प्रौढाला ते पहिल्या क्षणी कळते, आणि ‘आता वय झाले’ असा निष्कर्ष काढून तो जोडी पुन्हा गवसणीत घालतो. माझे म्हणणे असे, की हा पुढे गेलेला कान हीच आपल्याजवळची सर्वांत मोठी कमाई आहे आणि पहिल्या काही महिन्यांचा सगळा रियाज त्याच्याच भरवशावर रचला पाहिजे. वेग आणि कायद्यांची वही बाजूला ठेवून आधी नाद दुरुस्त करावा, आणि उद्दिष्ट म्हणून एकल वादन न ठेवता उत्तम ठेका (तालाचे ठरलेले मूळ बोल), म्हणजेच साथ, हे ठेवावे.

पूर्वी शिकलेले पुन्हा शिकायला कमी कष्ट पडतात, ही गोष्ट जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच प्रयोगाने दाखवली होती. त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले. अर्थहीन अक्षरसमूहांच्या याद्या पाठ करायच्या, त्या विसरू द्यायच्या आणि काही काळाने पुन्हा पाठ करताना किती वेळ वाचतो ते मोजायचे, अशी त्यांची पद्धत होती. पूर्ण विसरल्यासारखे वाटणाऱ्या यादीलाही दुसऱ्या वेळी कमी वेळ लागत असे. तबल्याचे बोल अर्थहीन अक्षरांसारखे दिसत असले तरी त्यांना लय आणि खाली-भरीची (डग्ग्याविना आणि डग्ग्यासह येणाऱ्या भागांची) बांधणी असते, म्हणून ते आणखी घट्ट बसतात. आपण ‘धातिट धातिट’ म्हणायला सुरुवात करताच पुढचे आपोआप ओठांवर आले, याचे नवल वाटायला नको.

जे खरोखर गेलेले असते ते वेगळेच असते. अनामिका शाईच्या (तबल्याच्या तोंडावरच्या मधल्या काळ्या थराच्या) कडेला हलकी टेकवून ठेवून तर्जनी स्वतंत्रपणे उचलण्याची सवय मोडलेली असते. बोटांच्या टोकांची कातडी मऊ पडलेली असते. मनगटाची उसळी कमी झालेली असते आणि तिची भरपाई माणूस नकळत कोपर व खांदा वापरून करू लागतो. सर्वांत जास्त बिघडलेला असतो तो डावा हात. उजव्या हाताच्या चुका कानाला टोचतात, म्हणून सगळे लक्ष तिकडे जाते आणि डग्गा नुसता धपाधप वाजत राहतो. परतून आलेल्या विद्यार्थ्याचे मी पहिल्या दिवशी काही ऐकतो, तेव्हा मुख्यतः डग्गाच ऐकतो. त्याच्या घुमाऱ्यावरून हाताची स्थिती लगेच समजते.

आता वाद्याकडे येतो. हात तपासण्यापूर्वी वाद्य तपासणे आवश्यक आहे, कारण मेलेल्या पुडीवर (वाद्याच्या तोंडावरच्या कातड्यावर) कितीही रियाज केला तरी नाद सुधारणार नाही, आणि दोष मात्र आपण स्वतःला देत राहू. वीस-पंचवीस वर्षे पडून असलेल्या जोडीची पुडी बहुधा गेलेलीच असते. कातडे कडक होते, कसर लागते, वादी (पुडी ताणून धरणारी चामड्याची पट्टी) ठिकठिकाणी कुजते किंवा तुटते. शाईवर बारीक भेगांचे जाळे असणे हा दोष नव्हे. ते असायलाच हवे, कारण त्यामुळेच थर लवचिक राहतात. मात्र शाईचे कण सुटून हाताला लागू लागले, एखाद्या जागी खळगा पडला किंवा वाजवताना ‘कर्र’ असा आवाज येऊ लागला, तर ती पुडी बदलावी.

शाईला इतके महत्त्व का, हे समजून घेण्यासारखे आहे. साध्या चामड्याच्या पडद्यातून निघणारे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्णांक पटीत नसतात, म्हणून साध्या ढोलाला नेमका स्वर सांगता येत नाही. मध्यभागी शाईचा भार दिल्याने हे उपस्वर स्वरमेळात येतात आणि वाद्य सुरात लावता येते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी एका सहकाऱ्याबरोबर १९२० मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आणि पुढे १९३४ च्या निबंधात भारतीय तालवाद्यांचा हा गुण उलगडून दाखवला. शाईची जाडी, तिचा व्यास आणि थरांची घोटाई यांवर तबल्याचा सगळा स्वर अवलंबून असतो. म्हणून पुडी जाणत्या कारागिराकडूनच चढवून घ्यावी. चार पैसे वाचवण्यासाठी दुकानातील तयार पुडी कोणाकडूनही ताणून घेऊ नये.

आपली जोडी जुनी शिसवी किंवा खैराच्या खोडाची असेल, खोडाला तडा गेलेला नसेल आणि काठ सपाट असेल, तर ती टाकून नवी घेण्याचे काहीच कारण नाही. खोड अनेक दशके टिकते आणि जुने, वाळलेले लाकूड बहुधा चांगलेच बोलते. डग्गा तांब्याचा वा पितळेचा असेल, तर पोचे काढून घ्यावेत आणि नवी पुडी चढवावी. नवीन जोडी घ्यावी असे मी दोनच प्रसंगी सांगतो. खोड हलके व पातळ असेल तेव्हा, किंवा लहानपणी घेतलेल्या तबल्याचे तोंड आजच्या कामाला लहान पडत असेल तेव्हा. त्या काळी पालक बहुतेक वेळा जी मिळेल ती जोडी घेत असत, आणि पाच इंच तोंडाचा टिपेचा तबला अनेक घरांत निघतो. साथीसाठी पहिली जोडी काळी एकची (पेटीच्या सप्तकातील पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वराची) घ्यावी, म्हणजे साधारण साडेपाच इंच तोंडाची. अनेक पुरुष गायकांचा षड्ज काळी एकच्या आसपास असतो; आणि एखादी गायिका काळी चारमध्ये गात असेल, तर तिचा मध्यम काळी एकवरच येतो, त्यामुळे तोच तबला मध्यमात लावून चालतो. ओढून अर्धा स्वर वर किंवा सैल करून अर्धा स्वर खाली आणता येतो. त्याहून जास्त ताणले तर पुडीचे आयुष्य कमी होते आणि आवाज खडा लागतो.

तबला सुरात लावणे हे कौशल्यही लहानपणी बहुधा शिकायचे राहून गेलेले असते, कारण तेव्हा गुरुजी लावून देत असत. आता ते पहिल्या महिन्यातच शिकावे. तानपुऱ्याचे ऍप लावून ठेवावे, मोठा फरक गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) खाली-वर सरकवून काढावा आणि बारीक फरक गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या विणलेल्या गोटावर) हातोडीने काढावा. वरून ठोकले की स्वर चढतो, खालून ठोकले की उतरतो. सोळाही घरे (वादीच्या दोन पेडांमधल्या काठावरच्या जागा) एका स्वरात येईपर्यंत समोरासमोरच्या घरांची तुलना करत जावे. सुरुवातीला यात बराच वेळ जाईल. तो वेळ वाया गेला असे मुळीच समजू नये, कारण कान आणि हात यांची गाठ इथेच पडते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, कातडे दमट होऊन सैल पडते व स्वर उतरतो. कोरड्या थंडीत किंवा वातानुकूलित खोलीत तो चढतो. उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात घरे तापवली जातात, तिथल्या माझ्या काही विद्यार्थ्यांच्या चढवून ठेवलेल्या पुड्या आपोआप फाटल्या आहेत. तिथे वाजवून झाल्यावर गठ्ठे थोडे वर सरकवून ताण कमी करून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

मनगट पंधरा मिनिटांत भरून येते असे आपण लिहिले आहे. थकवा आणि दुखणे यांत फरक करावा. बाहूच्या पुढच्या भागात जडपणा येणे, विश्रांतीने तो जाणे, हे स्वाभाविक आहे आणि दोन-तीन आठवड्यांत कमी होते. अंगठ्याच्या मुळाशी तीक्ष्ण कळ येणे, बोट वाकवल्यावर अडकणे किंवा मुंग्या येणे याकडे मात्र दुर्लक्ष करू नये. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला, विशेषतः रात्री, बधिरपणा येत असेल, तर मनगटातील मज्जातंतूवर दाब येत असण्याची शक्यता असते. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील, तर दोष बहुधा कोपराकडे असतो. मधुमेह असणाऱ्यांमध्ये बोट अडकणे आणि खांदा आखडणे या तक्रारी अधिक आढळतात. अशा वेळी रियाज थांबवून हाताच्या डॉक्टरांना दाखवावे. दिवसभर संगणकावर काम करणाऱ्याने संध्याकाळी लगेच तबल्यावर न बसता मधे थोडा वेळ जाऊ द्यावा, कारण मनगट आधीच आठ तास राबलेले असते.

मनगट भरून येण्याचे सर्वांत सामान्य कारण बैठक हे असते. लहानपणी मांडी घालून तासन्‌तास बसता येत असे. आता गुडघे वर राहतात, पाठ मागे कलते, आणि मग तबल्यापर्यंत पोचण्यासाठी हात लांबवावे लागतात. तीन-चार इंच जाडीची घट्ट गादी किंवा घडी केलेली सतरंजी बुडाखाली घ्यावी, म्हणजे गुडघे खाली येतात आणि पाठ सरळ राहते. कोपर तबल्याच्या काठाहून किंचित वर असावे, खांदे सैल असावेत, चुंबळ अशी ठेवावी की तबला थोडा पुढे झुकलेला राहील. गुडघ्यांचा त्रास असेल, तर खुर्चीवर बसून स्टँडवर जोडी ठेवायला काहीही हरकत नाही. त्यात कमीपणा वाटणारे लोक मला भेटतात. त्यांना मी एवढेच सांगतो, की नादाला बैठकीचा प्रकार कळत नाही, हाताचा कोन कळतो.

आता प्रत्यक्ष रियाज. पहिले दोन महिने रोज वीस-वीस मिनिटांच्या दोन बैठका पुरेशा आहेत, आणि रविवारी सलग दोन तास बसण्यापेक्षा त्या कितीतरी अधिक उपयोगी पडतात. पहिल्या बैठकीत फक्त अक्षरे घ्यावीत. ‘ना’ वाजवताना तर्जनी चाटेवर (पुडीच्या कडेच्या पट्टीवर) पडते, तेव्हा अनामिका शाईच्या कडेला किती टेकली आहे याकडे सगळे लक्ष द्यावे. ती जड झाली तर आस मरते, आणि उचलली गेली तर ‘ना’चा धारदार स्वर जाऊन त्यात गुंजणारा खालचा स्वर मिसळतो. त्यानंतर मैदानावरचा (चाट आणि शाई यांमधल्या भागावरचा) ‘तिं’ आणि मोकळा ‘तूं’ घ्यावा, मग ‘तिट’, आणि डाव्या हाताचा ‘घे’ स्वतंत्रपणे घ्यावा. ‘घे’ वाजवताना मनगटाचा तळ मैदानावर टेकलेला असतो, बोटे कमानीसारखी उचलून शाईपलीकडच्या अरुंद भागावर पडतात आणि लगेच उठतात. बोट उठायला उशीर झाला, की घुमारा गुदमरतो. घुमारा मोकळा ऐकू येईपर्यंत मनगट पुढे सरकवून मींड (घसरत जाणारा स्वर) काढण्याचा मोह टाळावा. उजव्या आणि डाव्या हाताचे अक्षर वेगवेगळे स्वच्छ झाल्यावरच ‘धा’ आणि ‘धिं’ घ्यावेत, आणि दोन्ही हात नेमके एका क्षणी पडतात का ते तपासावे. हात मागेपुढे पडत असतील, तर ‘धा’ फाटल्यासारखा ऐकू येतो, आणि बहुतेकांच्या बाबतीत डावा हात मागे असतो.

दुसऱ्या बैठकीत ठेका घ्यावा. त्रितालाचा ‘धा धिं धिं धा’ मिनिटाला साठ मात्रांच्या लयीत, म्हणजे एक आवर्तन सोळा सेकंदांत, लेहऱ्याबरोबर (आवर्तन दाखवत पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या धुनेबरोबर) दहा मिनिटे न थांबता वाजवावा. हे सोपे वाटते आणि दोन मिनिटांतच अवघड होते. खालीच्या खंडात डग्गा बंद होतो तेव्हा लय नकळत पुढे पळते, आणि ‘धिं धिं’ परत येताना सम (आवर्तनाची पहिली मात्रा) लवकर येते. हे स्वतःला वाजवताना कळत नाही, म्हणून भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रण करून दुसऱ्या दिवशी ऐकावे. त्याच दिवशी ऐकले, तर आपण जे वाजवायचे ठरवले होते तेच ऐकू येते. साठ मात्रांवर ठेका स्थिर झाला, की लय वाढवण्याऐवजी कमी करावी, पन्नासवर, मग चाळीसवर न्यावी. दोन मात्रांमधले अंतर जसजसे वाढते, तसतशी लय धरून ठेवण्याची जबाबदारी बोटांकडून आपल्याकडे येते, आणि इथे प्रौढ माणूस लहान मुलापेक्षा बहुधा लवकर तयार होतो, कारण त्याच्याजवळ धीर असतो. त्रितालाबरोबर दादरा, केरवा, रूपक आणि झपताल एवढे चार ठेके घेतले, तर पुढच्या कामाचा मोठा भाग झाला.

कार्यालयात जाताना, गाडीत किंवा चालताना पढंत करावी. हाताने टाळी-खाली देत, एकपट, दुप्पट आणि चौपटीत बोल म्हणणे हा फुकट मिळणारा रियाज आहे, आणि सदनिकेत राहणाऱ्यांना शेजाऱ्यांचाही प्रश्न येत नाही. आवाज कमी व्हावा म्हणून पुडीवर टॉवेल टाकून वाजवण्याची पद्धत आहे. बोटांचा क्रम बसवण्यापुरती ती चालेल, पण निकासाचा रियाज तशा तबल्यावर करू नये, कारण ज्याची दुरुस्ती करायची तेच ऐकू येत नाही. शेजाऱ्यांशी बोलून संध्याकाळची एक ठरावीक वेळ मागून घेणे अधिक बरे. माझा अनुभव असा, की वेळ ठरलेली असेल तर लोक समजून घेतात.

पहिल्यापासून सुरुवात करावी का, याचे उत्तर यातच आले. अक्षरे आणि ठेका पहिल्यापासून घ्यावेत, अभ्यासक्रम नव्हे. दोन-तीन महिन्यांनी कायद्यांची वही उघडावी, आणि त्यातील एकच कायदा निवडावा. ‘धाधा तिट धाधा तिना, ताता तिट धाधा धिना’ हा दिल्लीचा साधा कायदा त्यासाठी उत्तम आहे. पूर्वी आपण त्याचे आठ-दहा पलटे (त्याच बोलांची फिरवून केलेली रूपे) घाईने वाजवले असतील. आता तोच कायदा घेऊन ‘धा’चा घुमारा आणि ‘तिट’ची स्पष्टता दुप्पटीत टिकते का ते पाहावे, आणि जिथे नाद मळकट होतो, त्या लयीच्या थोडे अलीकडे थांबावे. रेले (वेगाने वाजवायच्या रचना) आणि लांबलचक तुकडे वर्षभर बाजूला ठेवावेत. भ्रमणध्वनीवर रोज दिसणारी विजेच्या वेगाची चलचित्रे या काळात न पाहणेच बरे. त्यातील कलावंतांचे कष्ट खरे आहेत, पण ती पाहून उठलेला प्रौढ विद्यार्थी त्या दिवशी वाईट वाजवतो, हे मी पुनःपुन्हा पाहिले आहे.

गुरू हवेत का, असा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो येणारच. पंधरवड्यातून एकदा तरी कोणीतरी जाणत्याने हात पाहिला पाहिजे. जुने गुरुजी हयात असतील, तर आधी त्यांच्याकडे जाऊन नमस्कार करावा आणि त्यांची इच्छा विचारावी. अनेकदा तेच योग्य नाव सुचवतात. नवे गुरुजी वेगळ्या घराण्याचे असतील आणि ‘तिट’साठी वेगळे बोट सांगतील, तर वाद न घालता स्पष्ट सांगावे की माझा हात असा बसलेला आहे. समजूतदार शिक्षक पंचेचाळिसाव्या वर्षी सगळी बोटे बदलायला लावत नाहीत. जिथे जुन्या पद्धतीमुळे नाद अडतो, तिथेच ती बदलतात. दूरस्थ शिकवणीत एक मर्यादा लक्षात ठेवावी: आवाज पोचायला लागणाऱ्या विलंबामुळे दोघांना एकत्र वाजवता येत नाही. म्हणून आठवड्याचा रियाज ध्वनिमुद्रित करून आधीच पाठवावा, आणि तासाचा वेळ त्यावर बोलण्यात घालवावा.

मंडळाच्या पुढच्या परीक्षा द्याव्यात की नाहीत, हे स्वभावावर आहे. तारीख ठरलेली असली की ज्यांचा रियाज नीट होतो, त्यांनी अवश्य द्याव्यात. मात्र पहिल्या वर्षी ‘विशारद’चा अर्ज भरू नये, त्या अभ्यासक्रमाचा पसारा हातात येईपर्यंत निकासाला वेळच उरत नाही.

साथ हे उद्दिष्ट ठेवा, असे मी वर म्हटले, त्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते हाच निर्णय पुढची सगळी वर्षे ठरवतो. एकल वादनाची तयारी तरुण वयात रोज अनेक तास देऊन होते. आपल्याला तेवढा वेळ नाही. पण ठेका वाजवण्यासाठी जे लागते ते ऐकण्यातून येते, आणि ते आपण इतकी वर्षे करत आलात. महाराष्ट्राला याची मोठी परंपरा आहे. अहमदजान थिरकवा हे एकल वादनाचे सम्राट मानले गेले, तरी मराठी रसिकांच्या पिढ्यांनी त्यांना गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांना साथ करताना ऐकले. कुमार गंधर्वांबरोबर वसंतराव आचरेकरांनी केलेली साथ आज ध्वनिमुद्रणांत ऐकायला मिळते. ती ऐकताना गाण्याकडे लक्ष न देता केवळ ठेका ऐकावा: कुठे डग्गा दाबला आहे, कुठे जागा भरलेली नाही, बंदिशीच्या मुखड्याला तबला कसा वाट करून देतो. आठवड्यातून एक ध्वनिमुद्रण असे ऐकणे हाही रियाजच आहे.

साथीला माणसे लागतात, आणि ती शोधणे आपल्याला वाटते तितके कठीण नाही. परतून आलेल्या तबलजीइतकेच परतून आलेले गायक आणि पेटीवादकही असतात. सोसायटीतील भजनी मंडळ, सुगम संगीताचे वर्ग, गणेशोत्सवातील कार्यक्रम, गोव्यातील देवळांची भजने, परदेशातील महाराष्ट्र मंडळे, सगळीकडे ठेका धरणाऱ्याची गरज असते. चार ठेके मध्य लयीत स्थिर झाले, म्हणजे साधारण चार-सहा महिन्यांनी, एका गायकाबरोबर घरातच बसावे. कोणत्या स्वरात गाणार हे आदल्या दिवशीच विचारून घ्यावे आणि तबला लावून तयार ठेवावा. पहिल्या बैठकीला दादऱ्यातील किंवा केरव्यातील दोन पदे आणि त्रितालातील एक छोटा ख्याल एवढेच ठरवावे. लय गायकाला धरू द्यावी, एक संपूर्ण आवर्तन नुसते ऐकावे आणि मग समेवर ठेका सुरू करावा. पहिले दोन-तीन महिने लग्गी, तुकडा, तिहाई असे सजावटीचे काहीही वाजवू नये. अंतरा संपून मुखड्यावर येताना दोन मात्रांचा साधा उठाव पुरेसा आहे. बैठक संपल्यावर गायकाला एकच प्रश्न विचारावा, की लय कुठे ओढली किंवा ढकलली गेली का. उत्तर येईल त्या पदाचा ठेका पुढचा आठवडाभर घरी त्याच लयीत, लेहऱ्याबरोबर वाजवावा.